आमच्या भागातली सगळी शिखरं चढायचं मनात घेतलंय. सुरुवात कशी करू?

तुमचा प्रश्न असा: वय चव्वेचाळीस, काम बैठं, गेले काही महिने डोंगर चालायला लागलोय आणि आता आसपासचं एकूण एक शिखर गाठायचं डोक्यात बसलंय. हे खूळ आहे का, सुरुवात कुठून करू, एकट्याने जाऊ का, आणि उतरताना गुडघे का दुखतात?

खूळ आहेच, पण जुनं आणि बऱ्यापैकी निरुपद्रवी. स्कॉटलंडमध्ये सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली तिथल्या तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी छापली, तेव्हापासून माणसं ती पुरी करायच्या मागे आहेत. पहिल्यांदा ती पुरी केल्याचा मान ए. ई. रॉबर्टसन या धर्मगुरूंकडे जातो, १९०१ साली. खुद्द मन्रो १९१९ मध्ये वारले, तेव्हा त्यांची स्वतःची यादी अपुरीच होती. अमेरिकेत अ‍ॅडिराँडॅकच्या डोंगरांत दोघे मार्शल बंधू आणि त्यांचे वाटाडे हर्बर्ट क्लार्क यांनी चार हजार फुटांवरची म्हणून धरलेली ४६ शिखरं १९२५ पर्यंत पुरी केली. पुढे नीट मोजणी झाली तर त्यातली चार उंचीत बसेनात. तरी यादी ४६ चीच राहिली.

म्हणून नवे बूट घेण्याआधी यादी करा आणि यादीच्याही आधी नियम ठरवा. शिखर कशाला म्हणायचं? नुसती उंची धरली तर एकाच धारेवरचा प्रत्येक उंचवटा शिखर होऊन बसतो. त्यापेक्षा असं बघा: या माथ्यावरून निघून याहून उंच माथ्यावर जायचं तर मध्ये कमीत कमी किती खाली उतरावं लागतं? ब्रिटनमधल्या एका यादीत हा उतार निदान १५० मीटर लागतो. मन्रोंनी असा काटेकोर नियम केलाच नव्हता, त्यामुळे स्वतंत्र डोंगर कुठला आणि नुसतं टेकाड कुठलं यावर आजही वाद होतात आणि आकडा बदलत राहतो. सध्या तो २८२ आहे. तुमचे डोंगर बुटके असतील तर ३० मीटरसुद्धा चालतील. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा समोर घ्या. माथ्याभोवती रेषेचं बंद कडं दिसतं. दोन माथ्यांच्या मधली खिंड शोधा आणि बुटक्या माथ्याच्या उंचीतून खिंडीची उंची वजा करा. एक संध्याकाळ यात घालवलीत की तो मुलूख तुम्हाला पायी फिरण्याआधीच निम्मा कळलेला असेल.

यादीचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो. यादी नसली की माणूस फोटोत छान दिसणारे दोन-तीन डोंगरच पुन्हा पुन्हा चढतो. यादी तुम्हाला त्या काटेरी, बिनवाटेच्या, कुणी फिरकत नाही अशा डोंगरावर पाठवते. ढोरवाट कुठवर खरी आणि कुठून फसवी, सोंड (माथ्यावरून खाली उतरत येणारी धार) धरावी की घळ (दोन धारांमधला अरुंद, खोलगट उतार), हे तिथेच शिकायला मिळतं. (साधारणपणे सोंड धरावी. घळीतून चढणं सोपं दिसतं, पण दगड वरून खाली तिथूनच येतात.)

सुरुवात सर्वात उंच शिखरापासून करू नका आणि ते शेवटासाठी राखूनही ठेवू नका. उंचीच्या आकड्यावर अवघडपणा ठरत नाही; पायथ्यापासून चढ किती, वाट कशी आणि कुठे दृष्टिभय, म्हणजे बाजूला खोल दरी दिसून पाय लटपटावेत अशी जागा आहे का, यावर ठरतो. वेळेचा अंदाज घ्यायला स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथ यांचा १८९२ चा नियम अजून उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे ९ किलोमीटर अंतर आणि ७०० मीटर चढ असेल तर तीन तासांच्या आसपास. हा हिशेब सरावलेल्या माणसाचा, न थांबता चालण्याचा आहे. तुम्ही त्याची दीडपट धरा आणि परत फिरायची वेळ घरून निघतानाच पक्की करा. माथा समजून चढावं आणि पुढे आणखी एक माथा उभा असावा, असं वारंवार होतं. त्या क्षणी घड्याळाचं ऐकायचं, पायांचं नाही.

आता गुडघे. चढताना दम लागतो म्हणून सगळे चढाला भितात, पण पाय मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो. त्याला याची सवय नसते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणं नकोसं होतं. तो थकला की भार गुडघ्यावर येतो. उपाय कंटाळवाणा आहे: आठवड्यातून दोन-तीनदा जिना सावकाश उतरा, पायरीवर पाय आपटू न देता. डोंगरावर पावलं आखूड ठेवा आणि गुडघा किंचित वाकलेला. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या निसरड्या उतारावर, घाबरून मागे रेलू नका. मागे रेललात की टाच सटकलीच. अंग जरा पुढे ठेवून वजन पायाच्या बरोब्बर वर आणा. दोन काठ्या असतील तर फारच बरं. आणि उतरायला लागण्याआधी खाली बसून बुटाची नाडी पुन्हा बांधा. टाच मागे ठोकून बसवायची, घोट्यापाशी नाडी घट्ट आवळायची, बोटांपाशी सैल सोडायची. नाहीतर पाय पुढे सरकून अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि नख काळं पडतं. गुडघा सुजत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर मात्र माझं उत्तर वाचत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

एकट्याने जायला हरकत नाही, पण आधी माहितीच्या वाटांवर. कुठून चढणार, कुठून उतरणार आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोधाशोध करायची, हे घरी लिहून ठेवा. शिट्टी जवळ असू द्या. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. मदतीची ही खूण डोंगरांत बऱ्याच ठिकाणी चालते. वर हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते आणि वारा वेगळाच, तेव्हा खाली उकडत असलं तरी एक जाड थर पिशवीत हवाच.

यादीतलं शेवटचं शिखर मात्र आत्ताच निवडून बाजूला ठेवा आणि ते सोपं निवडा. त्या दिवशी तुमच्याबरोबर यायला घरची माणसं आणि न चालणारे मित्रही तयार होतील. त्यांना घसाऱ्यावरून न्यायचं नसतं.