गव्हाची पेरणी: पंधरवड्याचा फरक

आपल्याकडे बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे १ ते १५ नोव्हेंबर, आणि पहिल्याच वर्षी तुम्ही ही तारीख चुकवू नये, असे मला मनापासून वाटते. महाराष्ट्रात थंडी मुळातच कमी दिवसांची असल्यामुळे उशिरा पेरलेल्या पिकाला फुटवे कमी येतात, ओंबी आखूड राहते आणि दाणा भरण्याच्या काळात फेब्रुवारी-मार्चचे ऊन लागून तो बारीक, सुरकुतलेला निघतो. १५ नोव्हेंबरनंतर प्रत्येक पंधरवड्याच्या विलंबाने हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते, असे धरून चाला. कापूस किंवा सोयाबीन निघण्यास उशीर झालाच, तर निफाड ३४ सारखा वाण घ्यावा आणि फुटव्यांची तूट भरून काढण्यासाठी हेक्टरी १०० किलोऐवजी १२५ किलो बियाणे वापरावे. १५ डिसेंबरनंतर मात्र गव्हाचा हट्ट धरू नका.