गुणवत्ता नियंत्रण, गुणनियंत्रण की नुसती तपासणी?

प्रश्न असा आला आहे. छत्रपती संभाजीनगरात व्यवस्थापनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मराठवाड्यातल्या चार उद्योगांमधल्या 'क्वालिटी कंट्रोल'चा तौलनिक अभ्यास हाती घेतला आहे: वाळूजचे वाहनांचे सुटे भाग, जालन्याचं बियाणं, परभणीकडचं जिनिंग-प्रेसिंग (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणं) आणि लातूरची डाळ व सोयाबीन. प्रबंध इंग्रजीत आहे, पण प्रश्नावली मराठीत भरून घ्यायची आहे. मार्गदर्शक म्हणतात 'गुणवत्ता नियंत्रण' लिहा. कृषी खात्याच्या पाटीवर 'गुणनियंत्रण' दिसतं. कुणी 'दर्जा नियंत्रण' सुचवतं. कामगारांपुढे यांतला कोणताही शब्द ठेवला तर ते विचारतात, "म्हणजे नेमकं काय?" तर बरोबर शब्द कोणता?

ताई, तिन्ही शब्द मराठी म्हणून शुद्ध आहेत. शीर्षकाला 'गुणवत्ता नियंत्रण' बेलाशक ठेवा. पण प्रश्नावलीत हा एकच शब्द चारही उद्योगांना लावू नका. चार ठिकाणी त्या नावाखाली चार वेगळी कामं चालतात, आणि त्यांतल्या बहुतेक कामांना मराठीत नावं आधीपासून आहेत. ती घेतलीत तर उत्तरं खरी मिळतील.

आधी 'गुणवत्ता' पाहू. गुणवत् म्हणजे गुण असलेला, त्याचा भाव ती गुणवत्ता. म्हणजे शब्दातच 'चांगलं असणं' गृहीत धरलेलं आहे. इंग्रजी शब्द तसा नाही, तो चांगल्यालाही चालतो आणि वाइटालाही. आपल्याकडे 'वाईट गुणवत्ता' म्हटलं की कानाला खटकतं, 'हलक्या प्रतीचा माल' खटकत नाही. दुसरी अडचण खास आपल्या भागातली. लातूर पॅटर्नच्या मुलखात गुणवत्ता म्हटलं की गुणवत्ता यादी आठवते, आणि 'गुण' म्हणजे परीक्षेतले मार्क. डाळमिलच्या मुनीमजींना "आपल्याकडील गुणवत्तेबाबत माहिती द्या" असा प्रश्न टाकलात तर ते कामगारांच्या शिक्षणाची माहिती देतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

'नियंत्रण' हा त्याहून नाजूक शब्द. कीड नियंत्रण, रोग नियंत्रण, गर्दी नियंत्रण, प्रदूषण नियंत्रण: या सगळ्या जोड्यांत पहिला शब्द नकोशा गोष्टीचा आहे आणि नियंत्रण म्हणजे तिला आवर घालणं. त्याच साच्यात 'गुणवत्ता नियंत्रण' बसवला की सरळ ऐकणाऱ्याला वाटतं, गुणवत्तेला आवर घालायचा. इंग्रजी 'कंट्रोल'चं मूळ निराळं आहे. ते फ्रेंचमधल्या, हिशेबाची दुसरी प्रत ठेवून मूळ वहीशी ताडून पाहण्याच्या पद्धतीत आहे. म्हणजे त्यात पडताळा आधी आहे, आवर नंतर आला. मूळ इंग्रजी शब्दच ठेवावा म्हटलं तर खेड्यात 'कंट्रोल' म्हणजे रेशनचं दुकान. 'कंट्रोलचा गहू', 'कंट्रोलचे तांदूळ' हे शब्द आजही रोजच्या वापरात आहेत. गावाकडून वाळूजला कामाला आलेल्या कामगाराच्या कानात तो अर्थ आधीपासून बसलेला असतो. म्हणूनच शॉपफ्लोअरवर पूर्ण शब्द कुणी म्हणत नाही. तिथे 'क्यूसी' चालतो, आणि तो कामाचं नाव नसून माणसांचं आणि खात्याचं नाव आहे. "क्यूसीनं लॉट अडवला", "क्यूसीवाले माल बघायलेत." काम विचारलं तर म्हणतील चेकिंग किंवा तपासणी.

असं असूनही शीर्षकाला 'नियंत्रण' ठेवा म्हणतो, याचं कारण या विषयाच्या इतिहासात आहे. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेत बेल टेलिफोनसाठी उपकरणं बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं. त्यात एक आलेख होता. आज ज्याला आपण नियंत्रण आलेख म्हणतो, तो हाच. १९३१ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. एकाच मशीनवर, एकाच माणसाने केलेले दोन नग कधी तंतोतंत सारखे नसतात, थोडी कमीजास्त राहतेच. तेव्हा आटोक्यात ठेवायची असते ती ही कमीजास्त. हे ध्यानात घेतलं की 'नियंत्रण' शब्दाचा तिढा सुटतो. आवर गुणवत्तेला घालायचा नसून चढउताराला घालायचा आहे, आणि तिथे आपला 'नियंत्रण' अगदी चपखल बसतो.

हा विचार भारतात लवकर आला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली होती, आणि त्यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ च्या सुमारास शूहार्ट स्वतः भारतात येऊन गेले. संख्याशास्त्र आणि कारखाना यांचं नातं मात्र त्याही आधीचं. 'स्टुडंट' या टोपणनावाने १९०८ साली टी-चाचणीचा निबंध लिहिणारे विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होते. थोड्या नमुन्यांवरून खात्रीने काय म्हणता येईल, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. वाळूजमध्येही बिअरचे कारखाने आहेत. तुमच्या अभ्यासात पाचवा उद्योग घेता आला तर हा घ्या, असं मनापासून सुचवतो.

शूहार्ट यांनी चढउताराची कारणं दोन जातींची मानली: एक, कामाच्या पद्धतीतच मुरलेली, आणि दुसरी, बाहेरून उपटलेली, शोधली तर सापडणारी. पुढे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी त्यांना 'कॉमन' आणि 'स्पेशल' अशी नावं रूढ केली. मराठीत 'सामान्य' आणि 'विशेष' असं सरळ भाषांतर होतं, पण 'विशेष' शब्दाला आपल्याकडे कौतुकाची छटा आहे. 'विशेष कारण' म्हटलं की काही चांगलं घडल्यासारखं वाटतं. मी 'अंगभूत' आणि 'आगंतुक' सुचवीन. आयुर्वेदात रोगांचे निज आणि आगंतु असे भेद आहेतच, त्यामुळे मराठी वाचकाला ही जोडी परकी वाटणार नाही आणि अर्थही नेमका पोचेल.

आता एका गोंधळाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो प्रश्नावलीत राहिला तर पुढचं सगळं पृथक्करण बिघडेल. 'नियंत्रण मर्यादा' आणि 'टॉलरन्स' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण मराठीत दोन्हींना 'मर्यादा' म्हणून मोकळं होण्याची सवय आहे. समजा एका शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर हवा आहे आणि ड्रॉइंगवर ०.०२ अधिक-उणे चालेल असं लिहिलं आहे. हे गिऱ्हाइकाने ठरवलं. हा टॉलरन्स. मशीनवरचे नग वेळोवेळी मोजून, सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन प्रमाण विचलनं (नग सरासरीपासून किती विखुरले आहेत, याचं माप) धरून ज्या रेषा काढतात त्या नियंत्रण मर्यादा. त्या मशीनने स्वतः सांगितलेल्या असतात. समजा एक-एक नग मोजून काढलेल्या त्या रेषा २४.९९ आणि २५.०१ वर पडल्या. दुपारच्या पाळीत एक नग २५.०१५ निघाला. टॉलरन्समध्ये तो बसतो, गो-नोगो गेज (नग मापात बसतो की नाही एवढंच सांगणारं साधन) त्याला पास करतो, माल गाडीत चढतो. पण आलेखावर तो रेषेबाहेर आहे. काहीतरी बदललं आहे. टूल झिजलं असेल, फिक्स्चर ढिलं झालं असेल. नगांची वाटणी नेहमीच्या घंटाकार वक्राची असेल तर तीन प्रमाण विचलनांच्या आत ९९.७३ टक्के नग येतात, म्हणून रेषेबाहेरच्या नगाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. मशीनवरचा अनुभवी माणूस आलेख न काढताही "साइज पळायलाय" म्हणतो. तुमच्या प्रश्नावलीत "नग मर्यादेबाहेर गेल्यास काय करता?" असा प्रश्न असेल तर कोणती मर्यादा ते लिहा. 'टॉलरन्स' हा शब्द तसाच ठेवा. 'विनिर्देश मर्यादा' हा कोशातला शब्द लाइनवर कुणी ओळखणार नाही.

म्हणजे खऱ्या अर्थाचं नियंत्रण वाळूजमध्ये चालतं. परभणी, सेलू, मानवतच्या जिनिंगमध्ये चालते ती प्रतवारी. कापूस शेतातून येतो तसाच येतो. पहिल्या वेचणीचा वेगळा, फरदडीचा (हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या पिकाचा) वेगळा, कवडी (किडका कापूस) मिसळलेला वेगळा. धाग्याची लांबी जिनिंगवाल्याला वाढवता येत नाही. आलेला कापूस ओळखायचा, वेगळा करायचा आणि त्याप्रमाणे भाव लावायचा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, हा हिशेब प्रत्येक कापूस उत्पादकाला पाठ आहे. या सगळ्या व्यवहाराला 'प्रतवारी' हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे आणि तो रोज वापरात आहे. तिथे जाऊन "गुणवत्ता नियंत्रण करता का?" विचाराल तर 'नाही' उत्तर येईल, आणि तुमच्या तक्त्यात जिनिंग उद्योग मागास ठरेल. उत्तर खरं असेल, निष्कर्ष मात्र चुकीचा.

लातूरच्या आडतीत हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. तिथे सोयाबीनच्या ओलाव्याला 'हवा' म्हणतात. "हवा किती निघाली?" "बारा." म्हणजे बारा टक्के ओलावा. हवेच्या बरोबरीने माती आणि डागी दाणे पाहिले जातात आणि त्यावर भाव ठरतो. आता मीटर आले, पण पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढणारा जुना माणूस अजूनही एक दाणा दाताखाली धरतो आणि कुरकुरीत तुटला की नाही ते पाहतो. २०२४ च्या नोव्हेंबरात हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्क्यांवर नेली, तेव्हा मोंढ्यात सगळीकडे चर्चा 'हवेची'च होती. प्रश्नावलीत 'आर्द्रता' लिहू नका. 'हवा' लिहा, आणि परगावच्या परीक्षकांसाठी तळटीप द्या. हा शब्द प्रबंधात नोंदला जाणं हेही काम मोलाचं आहे. असे शब्द कोशात सापडत नाहीत आणि आडतीबरोबर हरवतात.

जालन्याला 'परीक्षण' आणि 'शुद्धता' हे शब्द चालतील. बियाण्याच्या धंद्याची मराठी परिभाषा बाकीच्या उद्योगांपेक्षा पक्की आहे, कारण ती शेतकऱ्यापर्यंत पोचवावी लागते. १९६६ च्या बियाणे कायद्यानंतर उगवणक्षमता, भौतिक शुद्धता, आनुवंशिक शुद्धता, पायाभूत, प्रमाणित, सत्यप्रत हे शब्द पिशवीवरच्या लेबलातून घरोघरी गेले. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, हे शाळा न शिकलेल्या आजोबांनाही माहीत असतं. परभणीच्या सरकारी प्रयोगशाळेचं नावच 'बीज परीक्षण' असं आहे. 'गुणनियंत्रण' हा शब्दही इकडे ओळखीचा आहे, कारण कृषी आयुक्तालयात 'निविष्ठा व गुणनियंत्रण' असा विभाग आहे आणि खत-बियाण्यांची दुकानं तपासणारे ते 'गुणनियंत्रण निरीक्षक'. पण नेमकं म्हणूनच प्रश्नावलीत तो टाळा. जालन्यात 'गुणनियंत्रण' वाचलं की समोरच्याला कंपनीतली प्रयोगशाळा आठवणार नाही, सरकारी निरीक्षक आठवेल, आणि तो सावरून, जपून उत्तरं देईल.

तुमच्या शब्दांच्या यादीत 'क्वालिटी अ‍ॅश्युरन्स'साठी 'गुणवत्ता आश्वासन' असा शब्द आहे, त्याबद्दल लिहितो. तो बदला. मराठीत आश्वासन निवडणुकीत देतात. 'हमी' घ्या. हमीभावामुळे तो प्रत्येकाच्या तोंडी आहे आणि त्यामागे देणाऱ्याची जबाबदारी येते, ही जाणही त्यात आहे. नियंत्रण मालाकडे पाहतं, हमी पद्धतीकडे पाहते. आयएसओ ९००० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या व्याख्येतही हाच भेद आहे: गुणवत्तेच्या गरजा पुऱ्या करण्यावर भर देतं ते नियंत्रण, त्या पुऱ्या होतील असा विश्वास देते ती हमी.

राहिला 'दर्जा'. हा अरबीतून आला, मूळ अर्थ पायरी. त्यामुळे त्यात चांगलंवाईट गृहीत नाही, वर-खाली आहे, आणि हीच त्याची सोय. 'दर्जा नियंत्रण' मात्र ओढूनताणून जुळवलेला वाटतो. मराठी माणूस दर्जा 'राखतो'. "मालाचा दर्जा राखण्यासाठी तुम्ही काय काय करता?" हा प्रश्न वाळूजपासून लातूरपर्यंत कुणालाही विचारा, लगेच कळेल. प्रश्नावलीचा पहिला प्रश्न हाच ठेवा, पर्याय न देता. समोरचा जी क्रियापदं वापरेल, पारखतो, निवडतो, चाळतो, मोजतो, परत करतो, ती जशीच्या तशी लिहून घ्या. पुढचे प्रश्न त्याच शब्दांत विचारा.

मग मराठी प्रश्नावली तयार झाली की मूळ इंग्रजी न पाहिलेल्या कुणाकडून तिचं पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून घ्या. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये ही उलट भाषांतराची रीत नीट मांडली आणि आंतरभाषिक संशोधनात ती मान्य आहे. 'प्रतवारी', 'तपासणी', 'परीक्षण' आणि 'नियंत्रण' या चारही शब्दांचा परत येताना एकच इंग्रजी शब्द झाला तर दचकू नका. पद्धती या प्रकरणात त्यावर एक परिच्छेद लिहा.

हे शब्द जोडून लिहायचे की तोडून, हेही तुम्ही विचारलं होतं. मराठीत समास जोडून लिहितात, त्या नियमाने 'गुणनियंत्रण' आणि 'गुणवत्तानियंत्रण' दोन्ही एकसंध. पण दुसरा शब्द आठ अक्षरांचा होतो आणि सुटा लिहिण्याची रूढी आता इतकी पडली आहे की मी तोडूनच लिहितो. 'गुणवत्ता' सुटा लिहिला तरी त्याला प्रत्यय लागला की मात्र 'गुणवत्तेचं नियंत्रण' असं करा. 'गुणवत्ताचं' हे रूप हल्ली छापील पत्रकांतही दिसतं, ते चूक आहे.