'वायव्य' टेकड्या की वाऱ्याच्या टेकड्या?

मंगळावर वाऱ्याने घडलेल्या भूरूपांना इंग्रजीत 'एओलियन' हे विशेषण लावतात. ते ग्रीक पुराणकथांतील वाऱ्यांचा स्वामी एओलस याच्या नावावरून आले आहे, म्हणून मराठीत वायुदेवतेवरून 'वायव्य भूरूपे' म्हणावे काय, असे एका वाचकाने विचारले आहे. व्युत्पत्तीने हा शब्द निर्दोष आहे. 'वायव्य' म्हणजे वायूचे, आणि त्या दिशेचा स्वामी वायू मानला गेल्यामुळेच दिशेलाही हे नाव मिळाले. तरीही तो येथे घेऊ नये, असे माझे मत आहे. गेल विवरातील ज्या 'बॅग्नोल्ड' नावाच्या वाळूच्या टेकड्या क्युरिऑसिटी यानाने २०१५ साली जवळून पाहिल्या, त्या माउंट शार्प या पर्वताच्या वायव्य पायथ्याशीच आहेत. त्यांना 'वायव्य टेकड्या' म्हटले, तर वाचकाला दिशेखेरीज दुसरा अर्थ सुचणारच नाही. शिवाय बारखाणाची, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराच्या वाळूच्या टेकडीची, दोन्ही शिंगे वारा जिकडे वाहतो तिकडे वळलेली असल्याने या विषयात दिशांचा उल्लेख पदोपदी येतो.

'वातज' शब्द आयुर्वेदातील विकारांनी आधीच व्यापला आहे. 'वायुजन्य' त्याहून फसवा आहे, कारण आजच्या मराठीत वायू म्हणजे 'गॅस', आणि मंगळाचे वातावरण तर सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड वायूचेच आहे. हिंदीतील 'वायूढ' मला आवडतो, पण 'ऊढ' म्हणजे वाहून आणलेले. तो वाळूच्या टेकडीला शोभतो, वाऱ्याने खडक कोरून उरलेल्या उंचवट्याला, म्हणजे यारदांगला, नाही.

हवा, वायू आणि वारा हे तीन शब्द आपण वेगळे राखले आहेत, आणि वाहणारी हवा म्हणजे वारा. म्हणून 'वाऱ्याने घडलेली भूरूपे' असेच लिहावे. शब्द दोन झाले, तरी अर्थ एकच राहतो. शालेय पुस्तकांतील 'वाऱ्याचे कार्य' हाही याच वळणाचा प्रयोग आहे.

त्याच पुस्तकांत, वारा सुटे बारीक कण उडवून नेतो त्या क्रियेला 'अपवहन' म्हणतात. ती समजावताना 'उपणणे' हे क्रियापद अवश्य वापरावे. खळ्यात वावडीवर उभे राहून सुपातून धान्य सोडले की दाणे पायाशी रास धरतात आणि भुसा दूर जाऊन पडतो. वाळवंटातही जड वाळू जवळच टेकड्या रचते आणि धूळ शेकडो किलोमीटर जाते. चीनमधील लोएसचे पठार अशाच उपणलेल्या धुळीचे आहे.