गोव्यासारख्या लहान राज्यात शेती-संशोधनावर सरकारने पैसा का खर्च करावा?

आपण विचारले आहे की, गोव्यात तांदूळ बाहेरून येतोच, बियाणे विकणाऱ्या खासगी कंपन्याही आहेत, मग इतक्या लहान राज्यातील शेतीच्या संशोधनावर सरकारी पैसा कशाला घालावा? पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी आमचे थोडे खाजन आहे आणि ते मी स्वतः कसतो, म्हणून उत्तरही खाजनापासूनच सुरू करतो.

भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवलेली सखल जमीन म्हणजे खाजन. बांधातील पाणी अडवण्या-सोडण्याच्या झडपेला मानस म्हणतात; मानशीची दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या ढेकळांवर मिठाचा पांढरा थर फुलतो आणि मृगाच्या पावसाने तो धुऊन गेल्याखेरीज पेरता येत नाही. काही वर्षांपूर्वी पावसाने दडी मारलेली असतानाच बांधाला भगदाड पडले आणि दोन दिवस खारे पाणी शेतात राहिले. आठवडाभरात ‘ज्योती’ या सुधारित भाताच्या कुणग्यातील (शेताच्या तुकड्यातील) पात्यांची टोके करपून तांबडी झाली, शेजारी आईने हट्टाने पेरलेले कोरगुट हे खारे सोसणारे गावठी भात मात्र उभे राहिले. अर्थात कोरगुटाचीही अडचण आहे. ते उंच वाढते, वाऱ्याने आडवे पडते आणि उतारा कमी देते.

ही अडचण कोणती कंपनी सोडवील, याचा आपण विचार करावा. भात हे स्वपरागी पीक असल्यामुळे चांगले बी एकदा हाती आले की शेतकरी पुढची काही वर्षे घरचेच बी ठेवतो, शेजाऱ्यालाही पायलीभर देतो. संकरित भेंडीचे किंवा मिरचीचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणून कंपन्या तिकडे पैसा घालतात. खाऱ्या जमिनीतल्या भातासाठी, तेही मूठभर गिऱ्हाइकांसाठी, दहा-दहा वर्षे खर्च करण्याचे त्यांना काही कारण नाही. ते काम जुने गोवे येथील एला गावातल्या सरकारी संस्थेने केले. १९७६ साली लहान केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था २०१४ पासून केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. आमच्या कोरगुटातूनच निवड करून तिने ‘गोवा धान-१’ आणि ‘गोवा धान-२’ या खारे सोसणाऱ्या जाती दिल्या. आणि ज्या ‘ज्योती’ला आपण सगळे घरचीच समजतो, तीसुद्धा केरळातील पट्टांबीच्या सरकारी केंद्रातून आलेली आहे.

काजूला तर याहून जास्त धीर लागतो. केपे तालुक्यातील बाळ्ळीच्या झाडातून निवडलेल्या ‘बाळ्ळी-२’ची पुढे ‘गोवा-१’ ही जात झाली. चांगले झाड हेरायचे, त्याची कलमे बांधायची, ती लावून अनेक हंगामांच्या बिया मोजायच्या, हे सारे लवकर नफा मागणाऱ्या पैशाने होत नाही. वेंगुर्ल्याच्या सरकारी संशोधन केंद्राची काजू-कलमे आमच्या पेडण्यात लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

तरीही आपल्या शंकेत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. देशात शेतीतून जे उत्पन्न होते त्याच्या एक टक्काही रक्कम शेती-संशोधनावर खर्च होत नाही, आणि जी होते तिचे फळ पुष्कळदा शेवटच्या टप्प्यावर अडकते. एका वर्षी मी नव्या जातीच्या बियाण्यासाठी मेपासून हेलपाटे घातले; बी आले तेव्हा माझी पेरणी उरकली होती. संशोधनाचा खर्च वाढवताना बियाणे वाढवून ते वेळेवर पोचवण्याचा खर्च त्यातच धरला पाहिजे. कोरगुटाला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी गिरणीतून निघालेला आमचा तांदूळ त्या नावाने वेगळा विकला जाण्याची सोय झाली तरच कमी उताऱ्याची भरपाई दरातून होईल. म्हणजे साठवण, भरडणी आणि बाजार यांचाही अभ्यास हवा.

सर्वांत मोठी उणीव मला बांधाबाबत वाटते. मासळीसाठी मानशीची पावणी (लिलाव) होते, आणि जास्त मासळी यावी म्हणून दारे अवेळी उघडी ठेवली की खारे पाणी आत शिरून शेजारच्या दहा जणांची शेती पडीक पडते. बांध फुटका असेल तर ‘गोवा धान’ही किती दिवस तग धरणार? पावसाळ्यात भात आणि नंतर मासळी ही खाजनाची जुनीच रीत आहे. दारे कोणत्या महिन्यात किती उघडावीत, खारेपणा किती झाला की थांबावे आणि उत्पन्नाची वाटणी कशी करावी, हे प्रत्यक्ष गावच्या खाजनात, कुळांना आणि कोमुनिदादीला (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेला) सोबत घेऊन चार-पाच वर्षे मोजून पाहणारे काम मला हवे आहे. त्यासाठी आमचा कुणगा द्यायची माझी तयारी आहे, आणि आईचे कोरगुटाचे बी अजून घरात आहे.