स्लॉट मशीनच्या आत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: गोव्यात हॉटेलमध्ये स्लॉट मशीनवर, म्हणजे पैसे लावून चित्रांची चाकं फिरवायच्या जुगाराच्या मशीनवर बसलो होतो. शेजारचे काका म्हणाले, "बराच वेळ काही दिलं नाही, आता देणारच." यात तथ्य आहे का?

उत्तर: अजिबात नाही. मागचे डाव मशीन हिशेबात धरत नाही. कुणी खेळत नसतानाही आतला प्रोग्राम आकडे काढत असतो. तुम्ही बटण दाबलंत की त्या क्षणीच्या आकड्यावर निकाल ठरतो, चाकं फिरतात ती तो दाखवायला. 1984 साली इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत पेटंट मिळालं, त्यात दिसणारं चाक आणि हिशेबातलं चाक वेगळंच केलेलं आहे. मेमरीतल्या चाकावर जागा कितीतरी जास्त, आणि जॅकपॉटच्या वाट्याला त्यातल्या अगदी थोड्या. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात किमान 75 टक्के परताव्याचा, म्हणजे लावलेल्या पैशांपैकी तेवढे खेळणाऱ्यांना परत देण्याचा नियम आहे, पण तो प्रचंड संख्येच्या डावांवर लागू पडतो. तुमच्या एका संध्याकाळची हमी त्यात नसते.

प्रश्न: मी पुण्यात वीज-मीटरचं फर्मवेअर (यंत्राच्या आत बसवलेला प्रोग्राम) लिहितो. या मशीनमध्ये वेगळं काय असतं?

उत्तर: तुमच्याकडचंच काम, पण फार कडक. माझ्या मते खरा कस लागतो तो लाइट गेल्यावर. क्रम असा ठेवायचा: पैज वजा करा, निकाल काढा, दोन्हींची नोंद वीज गेली तरी टिकणाऱ्या, बॅटरीवरच्या रॅममध्ये करा आणि मगच चाकं फिरवा. नोंद दोन ठिकाणी, प्रत्येकीला स्वतःचा सीआरसी, म्हणजे नोंद बिघडली का ते ओळखायचा पडताळा-आकडा. चाकं फिरताना वीज गेली, तर परत आल्यावर नवा आकडा काढायचा नाही, लिहून ठेवलेलाच निकाल दाखवायचा. एक प्रत अर्धवट राहिली असेल तर दुसरी घ्यायची. दोन्ही बिघडल्या असतील तर अंदाज न बांधता मशीन थांबवायचं आणि कर्मचाऱ्याला बोलवायचं. खेळणाऱ्याचे पैसे त्या काही बाइटमध्ये असतात. म्हणून टेस्टिंगच्या वेळी नोंद लिहिली जात असतानाच पुरवठा तोडा, पुन्हा पुन्हा तोडा. लॉजिक बोर्डाच्या (प्रोग्राम चालवणाऱ्या मुख्य सर्किटच्या) कप्प्याचं दार वीज नसताना उघडलं गेलं, तर तेही नंतर कळलं पाहिजे.

प्रश्न: प्रोग्रामरनेच चोरवाट ठेवली तर?

उत्तर: तपासनीसानेच ठेवल्याचं उदाहरण आहे. रॉन हॅरिस हा नेवाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाचा, म्हणजे जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा तंत्रज्ञ. त्याने काही मशीनमध्ये छुपा कोड घुसवला. नाणी ठरावीक क्रमाने टाकली की मशीन पैसे द्यायचं. 1995 साली अटलांटिक सिटीत त्याच्या साथीदाराने किनोमध्ये (आकडे निवडून खेळायच्या लॉटरीसारख्या खेळात) 1,00,000 डॉलर जिंकले, तेव्हा संशय येऊन हॅरिस पकडला गेला. म्हणून मंजूर प्रोग्रामची डिजिटल सही (प्रोग्राम बदलला तर जुळणार नाही अशी खूण) स्वतंत्र प्रयोगशाळेकडे असते आणि मशीनमधला प्रोग्राम तिच्याशी ताडून पाहतात. कोड लिहिणारा, मंजूर करणारा आणि जागेवर तपासणारा ही तीन वेगळी माणसं हवीत. याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही.

प्रश्न: आमच्या गावातला व्हिडिओ गेम पार्लरवाला बोर्डाचा प्रोग्राम बदलून मागतोय. परतावा रिमोटवरून कमी-जास्त करता यावा म्हणतो. पैसे चांगले आहेत. घेऊ का काम?

उत्तर: घेऊ नका. गोव्यात 1992 च्या कायदादुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांमध्ये अशा मशीनना परवानगीची वाट मिळाली. महाराष्ट्रात तशी वाट नाही. 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. रोख पैसे देणारं मशीन म्हणजे इथे जुगारच. त्यात समोर माणूस खेळत असताना रिमोटने परतावा खाली आणणं ही सरळ लूट आहे. यंत्राच्या आतले (एम्बेडेड) प्रोग्राम लिहिण्यात हात चांगला असेल तर वीज-मीटर, वजनकाटे, पेट्रोल पंप इथेही नोंदीच्या खरेपणाचंच काम आहे. तिकडे अर्ज करा.