वाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पुण्याच्या विश्रामबागवाड्याचा नक्षीदार लाकडी दर्शनी भाग पेशवाईतलाच आहे का?

वाडा दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ च्या सुमारास तयार झालेला. मात्र १८७९ च्या मे महिन्यात लागलेल्या आगीत दर्शनी भाग जळाला आणि नंतर लोकवर्गणी व नगरपालिकेच्या पैशातून पुन्हा उभा राहिला. म्हणून समोरच्या खांबांवरून पेशवेकालीन सुतारकामाचा निवाडा करू नये. याच वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज घडले.

आमच्या जुन्या वाड्यात चौकाभोवतीच्या खांबांचे बुडखे कुजले आहेत. फरशी आणि सिमेंटचा गिलावा अलीकडचा आहे. खांब बदलावेत का?

पूर्ण खांब सहसा बदलावा लागत नाही. आधी तळखडा दिसतो का ते पाहा. जुन्या गवंड्यांनी खांब दगडी तळखड्यावर उभा केला तो लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून. फरशीवर फरशी चढत गेली की तळखडा गाडला जातो आणि धुण्याचे पाणी थेट लाकडात शिरते. बहुतेक वाड्यांत दुखणे हेच असते. तेव्हा आधी फरशी उतरवून तळखडा मोकळा करा. नाहीतर नवे लाकूडही कुजेल.

मग तुळईला दोन्ही बाजूंनी भक्कम धिरे, म्हणजे टेकू, द्या. टोच्याने लाकूड टोचत वर जा आणि जिथे टोक रुतायचे थांबते, त्याच्याही थोडे वर कापा. सुकलेल्या सागाचा तुकडा, रेषा उभ्या ठेवून, तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान अडीच-तीन पट हवी. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच घ्या. साधे लोखंड गंजून फुगते आणि लाकूड फाडते.

भिंत मातीच्या दर्जांची, म्हणजे दगड-विटांमधले सांधे मातीने भरलेली, असेल तर सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो, म्हणून तो उतरवाच. पण छिन्नी-हातोडीने, थोडाथोडा. यंत्राच्या हादऱ्याने दर्जा सुटतात. भिंत पुरती वाळू द्या, त्याला काही आठवडेही लागतात. नंतर विरवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग असा गिलावा दोन पातळ थरांत द्या आणि आठवडाभर ओलसर, सावलीत ठेवा. चुना उन्हात भरभर वाळला की तडकतो.

खांब ओळंब्यात, म्हणजे सरळ उभा, नसेल किंवा तुळई खचली असेल, तर धिरे देण्याआधीच जुन्या लाकडी बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याला दाखवा. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असल्यास परवानगीही आधी घ्या.