वाचकांचे प्रश्न : खळ, कागद आणि भिजवलेले वाटाणे

घरच्या घरी मुलांसोबत करता येण्याजोग्या हस्तकलेविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा दहा वर्षांचा आहे. हस्तकलेचे तयार संच आणले की एका दुपारी संपतात आणि त्यांतील बहुतेक काम आधीच झालेले असते. फारसा खर्च न करता घरातल्या वस्तूंपासून काय करता येईल आणि सुरुवात कोठून करावी? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सुरुवात खळीपासून करावी, असे मी मनापासून सुचवेन. विकतच्या डिंकाची बाटली हातात असली की मुले ती जपून वापरतात, आणि आपणही 'सांडू नकोस' हेच सांगत राहतो. खळ मात्र वाटीभर असते, संपली तर पुन्हा करता येते आणि ती करणे हाच एक खेळ आहे. लहान पातेल्यात दोन मोठे चमचे मैदा घेऊन थोड्या गार पाण्यात गुठळ्या पूर्ण मोडेपर्यंत कालवावा, मग वाटीभर पाण्यातले उरलेले पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावे. तीन-चार मिनिटांत दुधासारखे पांढरे मिश्रण किंचित पारदर्शक होऊन आळू लागते, कारण मैद्यातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो. चमच्यावरून संथ धार पडू लागली की खळ झाली. गार झाल्यावर ती आणखी दाट होते, म्हणून विस्तवावरून जरा पातळ असतानाच उतरवावी. विस्तवाजवळचे काम मोठ्यांनी करावे, कालवण्याचे मुलांना द्यावे. उरलेली खळ झाकून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस टिकते. पूर्वी पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत असत. तो विषारी असल्याने मुलांच्या खळीत अजिबात घालू नये.

आता या खळीतून वर्तमानपत्राचा वाडगा करावा. पट्ट्या कात्रीने न कापता हाताने फाडायच्या आहेत. फाडलेल्या कडेवर कागदाचे बारीक तंतू मोकळे होतात आणि ती कड खालच्या थरात मिसळून जाते, तर कापलेली कड उठून दिसते. येथे मुलांना एक गंमत स्वतः शोधू द्यावी : वर्तमानपत्र एका दिशेने फाडले तर लांबच लांब सरळ पट्टी निघते आणि दुसऱ्या दिशेने फाडले तर फाटत वेडेवाकडे भरकटते. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने पडतात, म्हणून असे होते. हे आधी सांगू नये. 'ही पट्टी सरळ का आली आणि ती का नाही?' हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाकडूनच यावा.

स्टीलचा वाडगा उपडा ठेवून त्याला बाहेरून तेलाचा हात फिरवावा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा द्यावा म्हणजे वाडगा सहज सुटतो. त्यानंतरचे थर खळीचे. एक थर साध्या वर्तमानपत्राचा आणि पुढचा खाकी कागदाचा, असे आलटून पालटून दिले तर कोठे झाकायचे राहिले हे सहा वर्षांच्या मुलीलाही लगेच कळते. सहा थर पुरेत. दर दोन थरांनंतर दिवसभर सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावे. माझ्या घरी घाईने कडक उन्हात ठेवलेला वाडगा एका बाजूने आक्रसून वाकडा झाला होता. म्हणजे हे काम तीन-चार दिवस चालते आणि त्याचे हे लांबणेच मला मोलाचे वाटते, कारण शाळेतून आल्यावर मुले आधी वाडगा वाळला का ते पाहायला धावतात. छपाईच्या शाईमुळे त्यात खाण्याचे काही ठेवू नये. पेन्सिली, बटणे, रबरबँड ठेवावेत.

आपल्याकडच्या जुन्या घरांत कागदाचा लगदा आणि भिजवून वाटलेली मेथी एकत्र करून सुपे-टोपल्या लिंपत असत, त्यामुळे बांबूच्या विणीतल्या फटी बुजत आणि टोपली अधिक टिके. घरात वापरातून गेलेली एखादी टोपली असेल तर हा वाडगा जमल्यानंतर तिच्यावर तो प्रयोग जरूर करून पाहावा.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला कागदी फुले, शुभेच्छापत्रे यांत अजिबात रस नाही. 'याचा उपयोग काय?' असे तो विचारतो. त्याच्यासाठी काही सुचवाल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : त्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर देणारी वस्तू आपल्या स्वयंपाकघरात आहे. मूठभर वाळलेले वाटाणे रात्री भिजत घालावेत, सकाळी निथळून फडक्याने पुसावेत. खराट्याचे हीर घेऊन त्यांचे सहा सेंटिमीटर लांबीचे तुकडे करावेत आणि टोके तिरपी कापावीत. हे कापण्याचे काम मोठ्यांनी करावे. भिजलेला वाटाणा म्हणजे सांधा आणि हीर म्हणजे दांडी, एवढेच साहित्य.

प्रथम त्याला चार हीर व चार वाटाणे घेऊन चौकोन करायला सांगावे आणि एका कोपऱ्याला बोटाने हलकेच ढकलायला सांगावे. चौकोन कलतो. मग तीन हिरांचा त्रिकोण करून तसेच ढकलावे. त्रिकोण जागचा हलत नाही. यानंतर बारा हीर व आठ वाटाणे घेऊन पेटीचा आकार केला तर तो डळमळत राहतो. त्याच्या प्रत्येक बाजूत कर्णाचा एक हीर बसवला की पेटी ताठ उभी राहते. कर्णाचा हीर सहा सेंटिमीटरचा चालणार नाही, तो साधारण साडेआठ सेंटिमीटर लागतो, हे त्याला बहुधा दोन-तीन वेळा चुकल्यावर कळेल आणि तसेच कळू द्यावे. वाटाणे दोन दिवसांत वाळून आक्रसतात आणि हिराला इतके घट्ट धरतात की सारा सांगाडा उचलता येतो. मग त्याला घराबाहेर न्यावे आणि पत्र्याच्या छपराची कैची, विजेच्या वाहिन्यांचे उंच मनोरे, रेल्वेचा लोखंडी पूल यांतले त्रिकोण मोजायला सांगावे. उपयोगाचा प्रश्न तेथे सुटतो.

हा खेळ नवा नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी जी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये जिला 'किंडरगार्टन' हे नाव दिले, त्या पद्धतीत वाटाणे आणि काड्यांचे काम होते. घुमटाकार त्रिकोणी रचनांसाठी पुढे जगभर ओळखले गेलेले अमेरिकेतील बकमिन्स्टर फुलर यांनीही लहानपणी बालवर्गात असेच वाटाणे आणि दातकोरण्या जोडून त्रिकोणांची रचना केली होती. आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी वापरून हेच काम हजारो मुलांपर्यंत नेले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करायला शिकवले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या दुकानात ती नळी मिळाली तर अवश्य आणावी. काड्यांची गुले मात्र आधी मोठ्यांनी खरवडून टाकावीत.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात काहीच वाळत नाही. मिठाच्या कणकेची खेळणी केली होती, ती आठवड्यात पाझरून मऊ पडली. आमचे काय चुकले? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपले काहीच चुकले नाही, ऋतू चुकला. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि लागेल तसे, साधारण पाऊण ते एक वाटी पाणी, हे त्या कणकेचे प्रमाण ठीकच आहे. पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुलैतल्या कोकणात तो भरपूर असतो. ही खेळणी दिवाळीनंतर करावीत. लहान मुले ती तोंडात घालणार नाहीत याकडे मात्र कोणत्याही ऋतूत लक्ष असावे, कारण त्यांत मीठ फार असते.

पावसाळ्यात ज्याला वाळवण लागत नाही असे काम घ्यावे : कागदाच्या घड्या, चिंध्यांची बाहुली, दोऱ्याची विणलेली साखळी. भाज्यांचे ठसेही चालतात, कारण रंगाचा पातळ थर पंख्याखाली वाळतो. जून झालेली, खाण्यास निरुपयोगी भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल मिळते. भेंडी कापून पाच मिनिटे कागदावर उपडी ठेवावी म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो आणि ठसा स्वच्छ उमटतो. रंग ताटलीत ओतू नये. ओल्या फडक्याच्या घडीवर पसरून त्यावर भेंडी टेकवावी. कारल्याच्या चकतीचा दातेरी ठसा तर मला भेंडीहूनही आवडतो.

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा आहे. मी त्याला चिंचोके, शंख-शिंपले, वाळलेली पाने असेच खेळायला देते. घरातल्यांना वाटते की त्याला 'शैक्षणिक' साधने आणून द्यावीत, नाहीतर तो मागे पडेल. मी चुकते आहे का? — एक आजी, सोलापूर

उत्तर : आजी, आपण चुकत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यापाड्यांतल्या बालवाड्यांना परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी आजूबाजूला मिळणाऱ्या बिया, शिंपले, खडे, पाने यांपासून साधने तयार केली. या देशातल्या बालशिक्षणाचा मोठा भाग त्या कामावर उभा आहे. आपण जे देत आहात ते त्याच परंपरेतले आहे, हे घरातल्यांना निःसंकोच सांगावे.

एवढीच भर घालावी की वस्तू दिल्यावर तिच्यासोबत एखादे काम द्यावे. चिंचोके दिले तर लहान-मोठे वेगळे करायला सांगावे. पाटावर खडूने वेल काढून द्यावी आणि तिच्यावर चिंचोके मांडायला सांगावे. पाने रद्दीत दाबून आठवडाभर ठेवावीत आणि मग खळीने पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांचे मासे, पक्षी, मोर करावेत. चार वर्षांचे मूल अजूनही वस्तू नाका-तोंडात घालू शकते, म्हणून चिंचोके आपल्या समोरच काढावेत आणि मोजून परत ठेवावेत.

प्रश्न : दिवाळीला मुलांसोबत आकाशकंदील करायचा आहे. येथे बांबूच्या कामट्या मिळत नाहीत. कागदाचाच, पण टिकाऊ असा प्रकार सांगाल का? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन जाड कागद पुरतात, एक पिवळा आणि एक लाल. आपल्याकडे भारतातला ए-४ कागद नसेल, पण आपल्या नेहमीच्या २१.६ बाय २७.९ सेंटिमीटरच्या कागदावरही हा कंदील बरोबर होतो. पिवळ्या कागदाची रुंदी कापून १७ सेंटिमीटर करावी आणि लांब बाजू गुंडाळून नळकांडे चिकटवावे. लाल कागद लांबीच्या दिशेने मधोमध दुमडावा आणि घडीच्या बाजूने काठाकडे दीड-दीड सेंटिमीटरवर चिरा द्याव्यात. काठाला दोन सेंटिमीटर मात्र अखंड ठेवावेत. कागद उघडून तो पिवळ्या नळकांड्याभोवती असा चिकटवावा की वरचे काठ वर आणि खालचे काठ खाली जुळतील. लाल कागद सुमारे साडेचार सेंटिमीटर जास्त उंच असल्याने त्याच्या पट्ट्या आपोआप बाहेर फुगतात आणि फटींतून पिवळा उजेड दिसतो.

खाली झिरमिळ्या लावाव्यात. त्या पतंगाच्या कागदाच्या असल्या तर वाऱ्यावर सळसळतात. तो न मिळाल्यास भेटवस्तूंच्या वेष्टनात येणारा पातळ कागद चालेल. आत पणती किंवा मेणबत्ती कधीही ठेवू नये, बॅटरीवरचा छोटा दिवाच वापरावा.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याने केलेल्या वस्तू वाकड्यातिकड्या होतात. शाळेत द्यायच्या असतात, म्हणून तो झोपल्यावर मीच रात्री त्या नीट करते. मला हे पटत नाही, पण दुसरा उपाय दिसत नाही. — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्याला ते पटत नाही हे आपण लिहिलेत, याचा मला आनंद वाटला. मी स्वतः एकदा माझ्या भाच्याच्या पुठ्ठ्याच्या होडीचे शीड रात्री सरळ करून ठेवले होते. सकाळी त्याने होडी हातात घेतली, शिडाकडे पाहिले आणि 'ही माझी नाही' एवढेच म्हणून ती टेबलावर ठेवली. त्यानंतर त्या होडीला त्याने हात लावला नाही.

मदत करायचीच असेल तर ती काम सुरू होण्याआधी करावी. सात वर्षांच्या हातांना जड पुठ्ठा कापता येत नाही, म्हणून बिस्किटांच्या पुड्याचा पातळ पुठ्ठा द्यावा. बोथट टोकाची, पण धार चांगली असलेली कात्री द्यावी, कारण बहुतेक वाकडे कापणे हे धार नसलेल्या कात्रीमुळे होते. घडी घालायच्या जागी रिकाम्या बॉलपेनाने पट्टी धरून रेघ ओढून द्यावी, म्हणजे पुठ्ठा तेथेच दुमडतो. काम सुरू झाल्यावर शेजारी बसून आपली स्वतःची वेगळी वस्तू करावी. त्याला अडले तर तो आपल्या हाताकडे पाहील आणि विचारील.

शाळेचे म्हणाल, तर वस्तूसोबत दोन ओळींची चिठ्ठी द्यावी, की हे काम पूर्णपणे त्याने केले आहे. बहुतेक शिक्षकांना असे काम ओळखता येते आणि आवडतेही. परत आलेली वस्तू फेकू नये. तिच्या तळाला पेन्सिलीने तारीख घालावी, कपाटातला एक कप्पा त्यासाठी रिकामा करावा आणि तो भरला की काय ठेवायचे व काय रद्दीत द्यायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे.